मोहाला तोंड देताना: मंडळीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न उपासनेत मोठ्याने कोणी विचारत नाही. ते येतात कॉटेज प्रार्थना (कोणाच्या तरी घरी भरणारी प्रार्थनासभा) संपल्यावर चपला घालता घालता, तरुण संघाच्या शिबिरात रात्री दिवे बंद झाल्यावर, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर "एका मित्राबद्दल विचारायचं होतं" अशा सुरुवातीने. मित्र बहुतेक वेळा काल्पनिक असतो, त्यात लाजण्यासारखे काही नाही. उत्तरे देताना शास्त्र, म्हणजे बायबल, उघडे ठेवले आहे. पण भर आहे तो उद्या सकाळपासून हाताने करता येईल अशा गोष्टींवर.

मनात वाईट विचार आला म्हणजे पाप झाले का?

नाही. येशूलाही मोह झाला आणि तरी तो निष्पाप राहिला, असे इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे. मोह होणे हेच पाप असते, तर हे वाक्य लिहिताच आले नसते.

याकोब आपल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात पायऱ्या सांगतो. आधी वासना ओढते आणि भुलवते, मग ती गर्भवती होते, मग पापाला जन्म देते, आणि पाप वाढून मरणाला. म्हणजे विचार येणे आणि पाप होणे यांच्यामध्ये थोडे अंतर आहे. आपल्याला जे काही करायचे आहे ते त्या अंतरात.

"पण वासनेने पाहणे हाच व्यभिचार, असे येशूने डोंगरावरील प्रवचनात म्हटले आहे ना?" असे लगेच विचारले जाते. तिथे दोष आहे तो हेतूने, मनात ठेवून पाहण्याला. रस्त्यावर नजर पडली हा दोष नाही. नजर दुसऱ्यांदा वळवली, तेव्हा ती आपण वळवली.

इथे एक सूचना. काही जणांच्या मनात देवनिंदेचे किंवा किळसवाणे विचार दिवसभर नको असताना घुसत राहतात. ते घालवण्यासाठी ही माणसे तीच प्रार्थना पन्नास वेळा म्हणतात, तेच पाप पुन्हा पुन्हा कबूल करतात, आणि तरी शांती मिळत नाही. हा मंत्रचळेपणाचा (ओसीडी) आजार असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. अशा माणसाला आणखी प्रार्थना करायला सांगू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा. प्रार्थना सोबत चालू राहू द्या.

मोह देवच पाठवतो का, आपली पारख करायला?

याकोब 1:13 वाचा. देव कोणाला वाइटाचा मोह घालत नाही. तुमच्या विश्वासाची पारख होऊ शकते, पण "देवानेच मला त्या पार्टीत नेले" हे म्हणणे सोडा. रिक्षा आपणच केली होती.

मी प्रार्थना करतो, वचन वाचतो, तरी त्याच पापात पुन्हा पडतो. माझ्या विश्वासात खोट आहे का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. माझे उत्तर असे की खोट बहुधा विश्वासात नसते, वेळेत असते.

समजा, एक माणूस रात्री साडेअकराला अंथरुणात पडला आहे. बायको-मुले झोपली आहेत, हातात मोबाईल आहे, नको ती साइट अर्धी उघडली आहे, आणि तो म्हणतो, "प्रभू, मला वाचव." प्रभू ऐकतो, यात शंका नाही. पण त्याच माणसाने रात्री नऊ वाजता प्रार्थना करून मोबाईल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावला असता, तर साडेअकराची लढाई झालीच नसती.

गेथशेमाने बागेत येशूने शिष्यांना सांगितले, "जागृत राहा आणि प्रार्थना करा, म्हणजे तुम्ही परीक्षेत पडणार नाही." हे त्याने शिपाई येण्याच्या आधी सांगितले. शिष्य झोपले. आणि काही तासांनी प्रमुख याजकाच्या अंगणात, शेकोटीजवळ, एका दासीच्या प्रश्नापुढे पेत्र कोसळला. तो अंगणात कोसळला खरा, पण त्याची तयारी बागेतच राहून गेली होती.

रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाच्या शेवटी पौल सांगतो की देहवासना तृप्त करण्यासाठी तरतूद करू नका. माझ्या मते या विषयावरचे सगळ्यात उपयोगी वाक्य हेच आहे. पाप अचानक झाले असे आपण म्हणतो, पण मागे वळून नीट पाहिले तर तरतूद सापडते. शनिवारी बायको माहेरी जाणार हे बुधवारीच ठाऊक होते. डिलीट केलेल्या नंबराची चिठ्ठी पाकिटात होती. "असू दे, लागली तर" म्हणून कपाटावर अर्धी बाटली ठेवली होती. मोहाशी झगडायचे असेल तर आधी ही तरतूद शोधा आणि ती मोडा.

पण काही गोष्टी खरोखरच एका क्षणात घडतात ना?

दावीदाची गोष्ट (2 शमुवेल, अध्याय 11) क्षणात घडली असे आपण समजतो. ती सावकाश वाचून पाहा. राजे लढाईवर जातात त्या दिवसांत दावीद राजा यरुशलेमेत राहिला आणि सेनापती यवाबाला पाठवून दिले. संध्याकाळी तो पलंगावरून उठला आणि गच्चीवर फिरू लागला. तिथून त्याला एक स्त्री स्नान करताना दिसली. इथपर्यंत परत फिरता आले असते. त्याने चौकशी केली. उत्तर आले की ती एलीयामाची मुलगी, हित्ती उरीयाची बायको बथशेबा.

हे उत्तर म्हणजे समोर बंद केलेले दार होते. पुढे तेविसाव्या अध्यायात दावीदाच्या निवडक वीरांची यादी आहे, त्यात उरीया आहे आणि एलीयाम हे नावही आहे. म्हणजे त्याच्यासाठी जिवावर उदार होऊन लढणाऱ्याचे ते घर होते, आणि त्याला ते कळले होते. तरी त्याने माणसे पाठवून तिला आणवले. राजाने बोलावल्यावर त्या बाईच्या हातात काय होते? शास्त्र दोष तिच्यावर ठेवत नाही. नाथान संदेष्टा बोट दाखवतो ते दावीदाकडेच.

घरी राहणे, गच्ची, दुसऱ्यांदा पाहणे, चौकशी, निरोप. परत फिरायच्या पाच जागा मला तरी दिसतात. शेवटची सगळ्यात अवघड, पहिली सगळ्यात सोपी. स्वतःच्या पापाबद्दल असाच उलटा प्रवास कागदावर लिहून काढा. बहुतेकांना पहिली जागा पाहून आश्चर्य वाटते, कारण ती अगदी निरुपद्रवी दिसते: ऑफिसमधला वाद, न जेवता घरी येणे, एखादा रिकामा रविवार.

माझा मोह नेमका कधी येतो हे कसे ओळखायचे?

वही ठेवा. इग्नेशियस लोयोला या सोळाव्या शतकातल्या संताने यासाठी एक पद्धत शिकवली. एकच दोष निवडायचा. सकाळी उठताना त्याची आठवण करायची, दुपारी आणि रात्री हिशेब घ्यायचा, आणि वहीत दिवसाला दोन रेघा आखून जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके द्यायचे. मग कालच्या रेघेशी आजची, गेल्या आठवड्याशी हा आठवडा ताडून पाहायचा. गोव्यात ज्याचे अवशेष आहेत तो फ्रान्सिस झेवियर याच इग्नेशियसचा सोबती. आपल्याकडे प्रॉटेस्टंट घरांत हे "कॅथलिकांचे" म्हणून बाजूला ठेवले जाते. मला तर ते आपल्या किराणा दुकानदाराच्या खतावणीइतके सरळ वाटते.

ठिपक्यांशेजारी वेळ आणि परिस्थितीही लिहा. महिन्याभरात नकाशा तयार होतो. दारू सोडणाऱ्यांच्या गटांमध्ये चार गोष्टी विचारायची पद्धत आहे: भूक लागली आहे का, राग आला आहे का, एकटे वाटते आहे का, थकलो आहे का? चारांपैकी दोन "हो" असतील, तर त्या संध्याकाळी मोठे निर्णय नकोत आणि एकटे राहणेही नको.

हे काही आधुनिक खूळ नाही. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली आडवा झाला (1 राजे 19), तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून पुन्हा खायला घातले. बोलणे नंतर, होरेब डोंगरावर.

मोबाईलचे काय करायचे? तो टाकून तर देता येत नाही.

टाकून देता येत नाही हे खरे. बँक त्यात, शाळेचा ग्रुप त्यात, बायबलही त्यातच. तरी बरेच काही करता येते, आणि यात मी थोडा कडक आहे.

झोपायच्या खोलीत मोबाईल न्यायचा नाही. "अलार्म लागतो" ही सबब फार ऐकली. साधे गजराचे घड्याळ विकत घ्या. चार्जर हॉलमध्ये, सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवा. ज्या अ‍ॅपमधून घसरण सुरू होते ते काढून टाका. रात्री परत घ्यावेसे वाटेल, म्हणून अ‍ॅप उतरवण्यावर पासकोड लावा आणि तो पासकोड पत्नी, पती, भाऊ किंवा मित्राला टाकायला सांगा. तुम्हाला तो माहीत नसावा. स्क्रीन टाइम किंवा डिजिटल वेलबीइंगची आठवड्याची आकडेवारी रविवारी एका माणसाला दाखवा. घराच्या वायफायवर अश्लील साइट अडवण्याची सोय असते, ज्याला जमते त्याच्याकडून ती करून घ्या.

तिढा इतकाच की ही सगळी कुलपे दृढनिश्चयी माणूस दहा मिनिटांत फोडू शकतो. असू द्या. त्या दहा मिनिटांत शुद्ध येते, आणि तेवढेच हवे असते. उजवा डोळा अडखळवत असेल तर उपटून टाक, असे येशू म्हणाला. त्या मानाने अ‍ॅप काढणे फारसे दुखत नाही.

मोबाईलवर सगळी पापे घाणेरडीच असतात असेही नाही. पुष्कळांचे दुखणे साधे आहे: कामात मन लागत नाही, बोट आपोआप स्क्रीनवर जाते. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इवाग्रियस नावाचा संन्यासी राहत होता. भर दुपारी साधूला छळणाऱ्या आळसाच्या सैतानाचे त्याने वर्णन केले आहे. सूर्य हलतच नाही असे वाटते, साधू पुन्हा पुन्हा खिडकीकडे पाहतो, जेवायची वेळ झाली का ते बघतो, कोणी भेटायला येतेय का ते बघतो, मग ही जागाच वाईट, इथे कोणाला माझी किंमत नाही असे त्याला वाटू लागते. दुपारी तीनला ऑफिसात रील पाहणाऱ्याला हे ओळखीचे वाटेल. त्याने सांगितलेला उपाय रुक्ष आहे: कोठडी सोडायची नाही, हातातले काम चालू ठेवायचे.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांबद्दलही विचारले जाते. केंद्र सरकारने 2025 मध्ये त्यावर बंदीचा कायदा केला. पण ज्याला चटक लागली आहे तो आडवाटा शोधतो. अशा वेळी घरच्यांनी कर्ज परस्पर फेडून टाकू नये. आधी सगळ्या कर्जांची यादी एका कागदावर येऊ द्या, खात्याचा व्यवहार काही काळ दुसऱ्याच्या हाती द्या, मग फेडीचे बोला.

सैतानाचा प्रतिकार करायचा की पळून जायचे? शास्त्रात दोन्ही आहे.

दोन्ही आहे, पण वेगवेगळ्या ठिकाणी. भीती, खोटेपणा, देवावरचा अविश्वास, छळाच्या वेळी कच खाणे, यांच्यापुढे उभे राहायचे (याकोब 4:7, 1 पेत्र 5:9). जारकर्म, मूर्तिपूजा, तारुण्यातल्या वासना, पैशाचा लोभ, यांच्याबद्दल पौल प्रत्येक वेळी "पळ" असेच सांगतो. वासनेशी चर्चा करून ती हरल्याचे उदाहरण मला शास्त्रात सापडलेले नाही.

योसेफाने आपला मिसरी धनी पोटीफर याच्या बायकोला आधी कारणे देऊन नकार दिला. ती रोज विचारत राहिली, तेव्हा तो तिच्याजवळ थांबणेही टाळू लागला. आणि घरात कोणी नसताना तिने वस्त्र धरले, तेव्हा वस्त्र तिच्या हातात सोडून तो बाहेर पळाला. पळून त्याला बक्षीस काय मिळाले? तुरुंग. हे तरुणांना आवर्जून सांगावे लागते. मोह टाळला की लगेच सगळे चांगले होते, असे वचन कुठेही दिलेले नाही. नोकरीत खोटी बिले करायला नकार दिला, तर बढती अडकू शकते. अडकते.

हळदीला, लग्नाला, मित्र आग्रह करतात. "एकच घे" म्हणतात. काय सांगू?

लांबलचक साक्ष देऊ नका. "मी घेत नाही" एवढेच म्हणा, कारण देऊ नका. कारण दिले की त्यावर वाद सुरू होतो. हातात सोड्याचा किंवा सरबताचा ग्लास आधीच घेऊन ठेवा, रिकाम्या हाताला आग्रह जास्त होतो. जेवण लवकर करा. गाडी घरी नेण्याची जबाबदारी स्वतःकडे घ्या. आणि मंडपाच्या मागच्या बाजूला "बसायला" सुरुवात झाली की निघा. सोडून नुकतेच काही महिने झाले असतील तर हळदीला जाऊच नका, लग्नाला जा. नातेवाईक रुसतील, पण आहेर पोहोचला की बहुतेकांचा राग उतरतो.

याहून महत्त्वाचे: जो रोज पितो, ज्याचे सकाळी हात थरथरतात, त्याने "आज प्रभूसाठी सोडली" म्हणून एका दिवसात एकट्याने दारू बंद करू नये. अशा माणसाला दारू अचानक तोडल्यास झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा महाराष्ट्रात बऱ्याच शहरांत मराठीतून होतात. सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन 14446 आहे. औषध घेणे म्हणजे विश्वास कमी, असे सांगणाऱ्या प्रार्थनासभेत पुन्हा जाऊ नका.

कोणती वचने पाठ करावीत?

कॅलेंडरवरची सुटी सुटी वचने पाठ करण्यापेक्षा तुमच्या मोहाला लागू पडणारा एखादा सलग उतारा घ्या. रानात येशूने सैतानाला तीन उत्तरे दिली. ती तिन्ही अनुवादाच्या पुस्तकातून, सहाव्या आणि आठव्या अध्यायातून आहेत. ते अध्याय आहेत इस्राएलाच्या रानातल्या चाळीस वर्षांबद्दल: भूक, मान्ना (देवाने रानात दिलेले अन्न), देवाची परीक्षा पाहणे. स्वतः चाळीस दिवस रानात उपाशी असताना येशूच्या तोंडी नेमका तोच भाग आला. जिथे तो उभा होता तिथल्याच परिस्थितीचे वचन त्याच्याजवळ होते.

सैतानानेही त्याच भेटीत वचन म्हटले, स्तोत्र 91 मधले. तेव्हा नुसते वचन तोंडपाठ असणे पुरत नाही, आगापिछा ठाऊक हवा.

रागीट माणसाने याकोबाचा पहिला आणि तिसरा अध्याय घ्यावा. पैशाच्या ओढीसाठी 1 तीमथ्य 6, शरीराच्या मोहासाठी नीतिसूत्रे 5 ते 7, हेवा वाटत असेल तर स्तोत्र 73. मोठ्याने, उभे राहून, रोज एकाच वेळी वाचा. डोळ्यांनी वाचलेले ऐन वेळी आठवत नाही, जिभेवर बसलेले आठवते.

कोणाला सांगावे? मंडळीत सांगितले तर गावभर होईल.

ही भीती खरी आहे. मी ती कमी लेखणार नाही. आपल्या मंडळ्या लहान, सगळे एकमेकांचे व्याही नाहीतर मेहुणे, आणि गुप्त ठेवण्याची सवय फारशी नाही.

तरीही एका माणसाला सांगितल्याशिवाय जुने पाप क्वचितच सुटते. "आपली पापे एकमेकांजवळ कबूल करा" असे याकोब पाचव्या अध्यायात लिहितो. कॅथलिक बंधुभगिनींकडे यासाठी धर्मगुरूंकडची पापकबुली आहे, गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात. तिथे ऐकलेले बाहेर सांगण्याची धर्मगुरूला सक्त मनाई आहे, आणि हे मोठे सोयीचे आहे. प्रॉटेस्टंटांना आपला माणूस स्वतः शोधावा लागतो.

मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याने इंग्लंडमध्ये 1738 साली लहान गटांसाठी नियम केले. दर आठवड्याला भेटायचे, पुरुष पुरुषांत, स्त्रिया स्त्रियांत, आणि प्रत्येकाला ठरलेले प्रश्न विचारायचे. मागच्या भेटीनंतर कोणते पाप तुम्हाला कळून झाले? कोणते मोह आले? त्यातून सुटका कशी झाली? यातला तिसरा प्रश्न मला फार आवडतो. आपल्या साक्षींमध्ये पडल्याचे आणि उठल्याचे वर्णन असते, पण "मोह आला, टळला, कसा टळला" हे कोणी सांगत नाही. खरी शिकण्याची गोष्ट तिथे असते.

माणूस निवडताना पाहा: तो दुसऱ्यांची गुपिते तुमच्याजवळ बोलतो का? बोलत असेल, तर तुमचेही बोलेल. आपल्याच लिंगाची व्यक्ती असावी, वयाने थोडी मोठी असली तर बरे, दुसऱ्या मंडळीतली असली तरी चालेल. पहिल्या भेटीत सगळे ओतू नका. लहान गोष्ट सांगा, पंधरा दिवस थांबा, ती फिरून कानावर येते का पाहा.

सांगताना गोलमोल नको. "माझं आत्मिक जीवन जरा थंड आहे, प्रार्थना करा" यातून काही कळत नाही. "गेल्या आठवड्यात दोनदा रात्री बाराच्या पुढे अश्लील व्हिडिओ पाहिले" असे सांगा. मोहाच्या वेळी पाठवायचा एक शब्दही ठरवून ठेवा. तो मेसेज आला की समोरच्याने फोन करायचा, कारण विचारायचे नाही.

पाळकांनाही असा एक माणूस हवा. पंचांपैकी कोणी नसलेला बरा.

मंडळीचे पैसे माझ्याकडे असतात. महिनाअखेर अडचण आली की "वापरून परत टाकू" असे मनात येते.

मनात येते हे तुम्ही कबूल केलेत, त्यामुळे हे पैसे हाताळायला तुम्ही बऱ्याच जणांपेक्षा लायक आहात. आता एकट्याने हाताळणे थांबवा.

पौलाने यरुशलेमेच्या गरिबांसाठी मोठी वर्गणी गोळा केली, तेव्हा ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेले बंधू सोबत घेतले, आणि कारणही लिहिले: प्रभूच्या दृष्टीनेच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे चांगले ते आम्ही पाहतो (2 करिंथ 8). पौलासारख्या माणसाला साक्षीदार लागले, मग आपल्याला लागतील यात कमीपणा कसला?

अर्पण दोघांनी मिळून, वेदीजवळच किंवा वेस्ट्रीत (पाळकांच्या तयारीच्या खोलीत) मोजावे, दोघे नात्यातले नसावेत. आकडा त्याच वेळी वहीत, दोन सह्यांनिशी. रक्कम सोमवारी बँकेत. क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचा असावा, खजिनदाराच्या मोबाईलचा कधीही नाही. उपासनेनंतर हे सगळे वीस मिनिटांत होते. तुमची अडचण खरी असेल तर पास्टोरेट कमिटीकडे (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीकडे) उघड मागा. कर्ज मागण्यात लाज आहे, पण ती सोसता येते.

चहाडी हाही मोह धरायचा का?

धरायचा, आणि बहुधा आपल्याकडचा सगळ्यात लाडका. "प्रार्थनेसाठी सांगते हं, कोणाला बोलू नकोस" या वाक्याने सुरू होणारी बातमी तिथेच अडवा. "चल, आत्ताच प्रार्थना करू या तिच्यासाठी" म्हणा आणि डोळे मिटा. नऊ वेळा बातमी तिथेच थांबते, दहाव्या वेळी खरी प्रार्थना होते.

उपवासाने मोह कमी होतो का?

थेट नाही. उलट पहिल्या दिवशी चिडचिड वाढते. उपवासाचा उपयोग असा की शरीराने मागितले आणि आपण दिले नाही, तरी आपण जिवंत राहिलो, हे एकदा अनुभवाला येते. राखेच्या बुधवारपासून सुरू होणारा उपवासकाळ यासाठी चांगला. पण त्यात चहा सोडून दिवसभर घरच्यांवर खेकसणार असाल, तर चहा घ्या. मधुमेह असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण सोडू नये.

एवढे करूनही पडलो तर?

पहिला तास महत्त्वाचा. पडल्यावर दुसरा मोह लगेच येतो: "आता झालेच आहे, तर आज पुरते होऊ दे." पुष्कळांचे पहिल्या घसरणीने जेवढे नुकसान होत नाही, तेवढे या वाक्याने होते. तिथेच थांबा, उठा, जागा बदला, ठरलेल्या माणसाला कळवा. 1 योहान 1:9 मध्ये पाप पदरी घेतल्यास, म्हणजे कबूल केल्यास, क्षमेचे वचन आहे. त्यासाठी आधी आठवडाभर कुढत बसण्याची अट घातलेली नाही.

येशूला धरून देणारा यहूदा आणि त्याला नाकारणारा पेत्र, दोघांनाही पस्तावा झाला. यहूदा एकटा निघून गेला. पेत्र रडला, पण इतरांसोबत राहिला, आणि पुनरुत्थानानंतर येशूला तो तिथेच, मासे धरणाऱ्यांमध्ये, सापडला.

कोणाचे नुकसान केले असेल तर ते भरून द्या. जकातदार जक्कयाने चौपट परत करण्याची तयारी दाखवली. क्षमा मागून पैसे ठेवून घेणे याला शास्त्रात पश्चात्ताप म्हटलेले नाही.

आणि रिकामी झालेली जागा भरा. मत्तयाच्या बाराव्या अध्यायात अशुद्ध आत्मा परत येतो, तेव्हा घर झाडलेले, सजवलेले, पण रिकामे असते. रात्रीचे दोन तास मोकळे झाले, तर त्या वेळात काय? गायनमंडळाचा सराव, मुलांचा अभ्यास, आईचे पाय दाबणे, सुतारकाम, काहीही चालेल. इफिसकरांस पत्रात चोराला नुसते "चोरी करू नको" म्हणून सोडलेले नाही. त्याच हातांनी काम कर आणि गरजवंताला दे, असेही सांगितले आहे.

काही गोष्टी मंडळीत "मोहाला बळी पडला" म्हणून मिटवल्या जातात. ते बरोबर आहे का?

नाही. मुलांवरचा लैंगिक अत्याचार, बायकोला मारहाण, कामावरच्या किंवा मंडळीतल्या स्त्रीवर जबरदस्ती, हे गुन्हे आहेत. त्यावर प्रार्थना करून पडदा टाकता येत नाही. 2012 च्या पॉक्सो (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या) कायद्यानुसार मुलावर अत्याचार झाल्याचे कळल्यावर पोलिसांना न कळवणे हाही गुन्हा आहे. पाळकाला, पंचांना, संडे स्कूलच्या शिक्षकांना यातून सूट नाही. आणि जिच्यावर अन्याय झाला तिला "तूच मोहात पाडलेस" असे म्हणणाऱ्याने दावीद आणि नाथानाचा अध्याय पुन्हा वाचावा.

वय झाले की मोह संपतात का?

मोह बदलतात. लूक लिहितो की रानातला मोह संपल्यावर सैतान येशूला सोडून गेला तो संधी मिळेपर्यंत. तरुणपणी शरीर छळते. पुढे पैसा आणि मान. साठीनंतर कडवटपणा: अमक्याने वाटणीत फसवले, तमक्याने मंडळीत मला डावलले, सून विचारत नाही. या मोहाला कोणी मोह म्हणत नाही, त्यामुळे त्यावर उपायही होत नाही. उपाय मात्र तेच आहेत. वही ठेवा, कोणत्या वेळी कोणाचे नाव मनात येते ते लिहा, एका माणसाला सांगा, आणि ज्याच्यावर राग आहे त्याला सूर्य मावळण्यापूर्वी फोन लावा. फोनवर जुना हिशेब काढू नका. तब्येत विचारा, मुलांचे विचारा, येत्या रविवारी उपासनेला येणार का ते विचारा.